जलसाकाराची ट्रंक कोण उघडणार?

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले, त्याची ही आठवण. या दिवशी नटराजाची पूजा होते, जुन्या नाटककारांच्या तसबिरींना हार पडतात, संगीत नाटकाच्या सुवर्णकाळाच्या आठवणी निघतात. आमचा त्याला आक्षेप नाही. कला कोणाचीही असो, तिची नोंद राहिली पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या काळात पुण्या-मुंबईच्या नाटकगृहांत शालू-शेल्यांची संगीत नाटके गाजत होती, त्याच काळात गावकुसाबाहेर, चावडीसमोर, गिरणी कामगारांच्या चाळींच्या मोकळ्या जागेत आणखी एक रंगभूमी उभी होती. तिलाही लेखक होते, दिग्दर्शक होते, नट होते, हजारोंनी प्रेक्षक होते. त्या रंगभूमीचे कागद आज कुठे आहेत?

पुणे शहराला कागद जपण्याची मोठी परंपरा आहे. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल इथल्या पुरालेखागारात सुरक्षित आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, भांडारकर संस्था १९१७ पासून आहे, महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' केले, त्याची तारीख, नटसंच, पदे, सारे काही नोंदलेले आहे. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. तरीही ते नाटक मेले नाही, कारण त्याचे पुस्तक होते, त्याबद्दल लिहिणारी वर्तमानपत्रे होती, ते जपणारी ग्रंथालये होती. म्हणजे नाटककाराचा संग्रह टिकायला नुसती प्रतिभा पुरत नाही. पक्के घर लागते, कपाट लागते, छापखाना लागतो, ओळखीचा संपादक लागतो आणि मेल्यानंतर कागद मागायला दारात येणारी संस्था लागते. जलसाकाराकडे यातले काय होते? एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात चार चोपड्या.

आंबेडकरी जलशाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचे. कर्डकांना आपण शाहीर म्हणतो, लोककलावंत म्हणतो. पण त्यांचे काम पाहा. वग त्यांनी रचायचा, गाणी त्यांनी बांधायची, पात्रे त्यांनी निवडायची, तालमी त्यांनी घ्यायच्या, रंगमंचावर भूमिकाही त्यांनीच करायची. हेच काम नाटक कंपनीत एखाद्याने केले असते तर त्याला नाटककार-दिग्दर्शक म्हटले गेले असते. कर्डकांना ती पदवी मिळाली नाही. शब्दांतला हा भेद निरुपद्रवी नाही. ज्याला आपण नाटककार म्हणतो त्याचे हस्तलिखित आपण शोधतो. ज्याला लोककलावंत म्हणतो त्याचे नुसते 'योगदान' सांगतो आणि पुढे जातो.

हा जलसा आला कुठून, हेही नव्या पिढीला सांगितले पाहिजे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्या समाजाचा विचार गावोगाव नेण्यासाठी तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधकी जलसे उभे राहिले. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातील ओतूरचे भीमराव महामुनी हे त्यातले आद्य नाव. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, सोंगाड्या तोच. पण त्याच्या तोंडी भटजी, सावकार आणि कुलकर्णी यांची पोलखोल आली. पुढे आंबेडकरी जलशाने हा साचा आणखी बदलला. गणात गणपतीऐवजी भीमरायाला वंदन आले. गवळण गेली. नाचणाऱ्या बाईवर शिट्ट्या मारणारा प्रेक्षक गेला. जागा घेतली ती प्रश्नोत्तरांनी. मेलेली ढोरे का ओढायची? मुलीला शाळेत का घालायचे नाही? पाण्याला हात लावला तर पाणी बाटते कसे? १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० पासूनचा काळाराम मंदिराचा लढा, १९३५ ची येवल्याची घोषणा, हे सारे ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत जलशाने पोचवले. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असे बाबासाहेब म्हणाल्याचे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हे वाक्य आपण स्टेजवरून म्हणतो, टाळ्या घेतो. पण त्या एका जलशाची संहिता दाखवा म्हटले तर कितीजणांना दाखवता येईल?

अशा वेळी १९७८ साल महत्त्वाचे ठरते. त्या साली भीमराव कर्डकांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप आणि कार्य' हे पुस्तक आले. जलशाबद्दल दुसऱ्या कोणी लिहावे याची वाट न पाहता जलसाकारानेच लिहिलेला हा दस्तऐवज आहे. कर्डकांनी आपले संग्रहालय स्वतःच केले, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. हे पुस्तक आले नसते तर आपल्या हाती वृद्ध माणसांच्या आठवणींपलीकडे फार थोडे उरले असते. पुढे डॉ. कृष्णा किरवले यांनी 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध' लिहिले, भगवान ठाकूर यांनी 'आंबेडकरी जलसे' लिहिले. पुण्यात सुगावा प्रकाशनाने आणि विलास वाघ सरांनी चळवळीची असंख्य पुस्तके कसलाही नफा न पाहता काढली. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी लावणी, मेळे आणि जलसे यांचा अभ्यास विद्यापीठाच्या चौकटीत आणून बसवला. या माणसांचे ऋण मोठे आहे. पण अभ्यासकाला अभ्यास करायला मूळ कागद लागतो. कर्डकांसारखे पुस्तक लिहिणारे जलसाकार बोटांवर मोजण्याइतके. ज्यांनी लिहिले नाही, त्यांचे काय?

कागद टिकला तर काय होते आणि गहाळ झाला तर काय होते, याचा सर्वांत मोठा धडा पुण्याच्याच मातीतला आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. शेतकरी कुटुंबातील गरोदर बाई, तिला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, मध्येच येऊन ढोंग उघडे पाडणारा विदूषक, आणि शेवटी शाळेत जाऊन शिकायचे ठरवणारे ते नवरा-बायको. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. असे एक नाटक आपण लिहिले होते आणि भटसभासदांपुढे त्याचे काही चालले नाही, हे जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त लिहून ठेवले आहे. पण नाटक लोकांपुढे नव्हते. १९६९ साली शासनाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' काढले, त्या पहिल्या आवृत्तीतही हे नाटक नव्हते. अखेर १९७९ साली पुण्याच्या 'पुरोगामी सत्यशोधक'ने ते छापले. लिहिल्यापासून छापेपर्यंत १२४ वर्षे गेली!

या १२४ वर्षांत काय झाले ते नीट समजून घ्या. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिला गेला. आधी पौराणिक, मग संगीत, मग सामाजिक नाटक असा त्याचा क्रम ठरला. पाठ्यपुस्तके छापली गेली, परीक्षा झाल्या, पदव्या दिल्या गेल्या. देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या ४४ वर्षे आधी पुण्याच्या एका माळ्याने सामाजिक नाटक लिहून ठेवले होते, हे त्या इतिहासात कुठेच आले नाही. हस्तलिखित हाती आले, छापले गेले, तेव्हा तो इतिहास नव्याने मांडावा लागला. म्हणजे एक बाड एका संपूर्ण विषयाची मांडणी उलटी करू शकते. असे आणखी किती कागद कोणाच्या माळ्यावर पडून असतील?

याच काळातले दुसरे उदाहरण तमाशाचे. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घरात जन्मून त्यांनी तमाशाचा फड उभा केला, लावण्या रचल्या, वग बसवले आणि १९४५ साली पुण्यात देह ठेवला. त्यांच्या नावावर पुस्तके आहेत, चित्रपट आहे, पुरस्कार आहेत. जात सोडून आलेल्या या कलावंताचा आम्हाला आदरच आहे. पण त्या फडाचे वैभव जिच्यामुळे उभे राहिले ती पवळा महार समाजातली होती. तिचा आवाज, तिची अदा, तिने गाऊन बदललेली चाल, तिने फडासाठी सोसलेले, यातले तिच्या शब्दांत काय उरले आहे? आज पवळाचे नाव येते ते बहुतेक वेळा बापूरावांच्या गोष्टीतले एक पात्र म्हणून. संग्रहात जात असते आणि संग्रहात बाईमाणसाची जागा आणखी मागे असते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. जलशातून बाईचे नाचणे गेले हे योग्यच झाले. पण जलशाच्या मागे राबणाऱ्या, गाणी पाठ ठेवणाऱ्या, जात्यावर तीच गाणी पुढे नेणाऱ्या आमच्या आया-आज्यांची नोंद आपणही कितीशी केली?

काहीजण म्हणतात, जलसा हा तोंडी कलाप्रकार आहे, त्याचे कागद शोधणे म्हणजे पाण्यावरच्या रेषा शोधणे. आम्हाला हे मान्य नाही. जलसाकार शिकलेले होते, रात्रशाळेत शिकलेले का होईना, लिहिते होते. वगाचा सांगाडा ते वहीत उतरवत. गाण्याच्या वर चाल लिहून ठेवत. कोणत्या गावी कार्यक्रम झाला, किती बिदागी मिळाली, बैलगाडीला किती दिले, कोणत्या पाटलाने हरकत घेतली, याच्या नोंदी त्याच वहीच्या मागच्या पानांवर सापडतात. इतिहासकाराच्या दृष्टीने ही मागची पाने कधीकधी पुढच्या पानांहून मोलाची असतात. कारण चळवळ कोणत्या रस्त्याने गेली, कोणाच्या पैशावर चालली आणि कोणी अडवली, हे त्यातूनच कळते. गाणे तोंडी राहील, हिशेब राहणार नाही.

आणि कागद मरतो कसा, हेही पाहा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेच्या काठचे पुणे वाहून गेले. पूर कोणाची जात विचारत नाही हे खरे, पण नदीकाठी, ओढ्याकाठी, सखल जागी कोणाला राहावे लागते हे जातच ठरवते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हाही आधी पाणी शिरले ते वस्त्यांमध्येच. ज्या घरात माणसांनाच निजायला जागा नाही, तिथे आजोबांची वही किती दिवस राहणार? पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात पत्र्याची तगमग, वर्षभर कसर आणि वाळवी. झोपडपट्टी पुनर्वसनात घर रिकामे करायची नोटीस आली की आधी भंगारवाल्याकडे जाते ते हेच सामान. आम्ही वस्त्यांतून फिरतो तेव्हा 'आमच्या आजोबांच्या लई वह्या होत्या' हे वाक्य ऐकतो. त्यातला 'होत्या' हा शब्द फार जड आहे.

खुद्द बाबासाहेबांच्या कागदांचे काय झाले? त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्लीतील २६ अलीपूर रोडच्या घरातले कागद वर्षानुवर्षे अडकून पडले. १९६७ साली ते घर रिकामे करवले गेले तेव्हा कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले. राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या हस्ताक्षराची ही गत! उरलेले कागद मिळवायला न्यायालयीन सोपस्कार लागले. १९७९ साली शासनाचा पहिला खंड आला, आणि वसंत मून यांनी आपले आयुष्य त्या कामाला वाहिले. १९८७ साली 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रकाशित झाले आणि महाराष्ट्र हादरला. बाबासाहेब जाऊन तेव्हा ३१ वर्षे झाली होती. जपलेला कागद मालकाच्या मृत्यूनंतरही बोलतो, आणि ज्यांना तो नको असतो त्यांची झोप उडवतो, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

आपल्या चळवळीत कागद जपणारी माणसे झाली नाहीत असे नाही. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. त्यांच्या कार्याची आज जी माहिती मिळते तिचा मोठा भाग नवलकर यांनी १९३० साली लिहिलेल्या चरित्रामुळे हाती आला. चांगदेव खैरमोडे यांनी नोकरी सांभाळून बाबासाहेबांची पत्रे, कात्रणे, आठवणी गोळा केल्या. त्यांच्या चरित्राचा पहिला खंड बाबासाहेबांच्या हयातीत, १९५२ साली आला. माईसाहेबांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू पुण्यातच सेनापती बापट मार्गावरील संग्रहालयात आज पाहायला मिळतात. या लोकांकडे ना अनुदान होते, ना इमारत. होती ती दृष्टी. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. त्यांच्या लेखनातले प्रत्येक विधान पुराव्यावर उभे आहे. ज्यांचा नेता पुराव्याशिवाय बोलत नव्हता, त्या समाजाने आपलाच पुरावा भंगारात जाऊ द्यावा काय?

इथे आणखी एक प्रश्न येतो. कागद द्यायचे कोणाला? मोठ्या संस्थांवर आपल्या लोकांचा विश्वास नाही, आणि त्याला कारणे आहेत. दक्षिणा प्राइज कमिटीचा अनुभव कोणी विसरलेले नाही. पण अविश्वासाचे उत्तर काय? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. इतिहासाच्या विकृतीबद्दलचा संताप कितीही खरा असला तरी कागद फाडणे हा आंबेडकरी मार्ग नव्हे. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती विषमतेचे प्रतीक म्हणून, जाहीरपणे, ठराव करून. पण हिंदू धर्मग्रंथांचा अभ्यास करायला त्यांनी तेच ग्रंथ आपल्या संग्रहात बाळगले होते. दुसऱ्याचा संग्रह मोडून आपला उभा राहत नाही. आपला आपल्यालाच उभारावा लागतो.

म्हणून काही गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवतो. घरात जुनी वही, चोपडी, हँडबिल, जलशाचा फोटो, बिल्ला, काही असेल तर आधी ते टाकायचे नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा सुटत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. वही भिजली तर उन्हात टाकू नका, सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये कोरा टिपकागद घालून सुकवा. सुती फडक्यात गुंडाळून जमिनीपासून उंच, ओलीपासून दूर ठेवा. वही कोणाची, कोणत्या गावची, अंदाजे कोणत्या सालची, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. वहीचे पान अन् पान, कोरी वाटणारी मागची पानेसुद्धा, क्रमाने टिपा आणि त्याच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा. सर्वांत तातडीचे म्हणजे जुना जलसा पाहिलेली किंवा ऐकलेली जी वृद्ध माणसे आज आहेत, त्यांच्याकडून गाण्याची चाल म्हणवून घेऊन रेकॉर्ड करा. शब्द कागदावर राहतील, चाल त्या माणसाबरोबर जाईल.

संस्थेला कागद देताना लेखी करार करा. वहीची मालकी वेगळी आणि लेखनाचा हक्क वेगळा. आपल्या कायद्यानुसार लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. वही दिली म्हणजे हक्क दिला असे होत नाही. प्रत घरी ठेवा, पोच घ्या, संग्रहाला जलसाकाराचे नाव द्यायला सांगा, आणि वस्तीतल्या पोराला तो संग्रह पाहायला मिळेल अशी अट घाला. सन्मानाने कागद घेणारी संस्था या अटींना नाही म्हणणार नाही. जी म्हणेल, तिला कागद देऊ नका.

आणि ज्या संस्था आपल्याच नावाने चालतात त्यांची जबाबदारी तर अधिकच. पुण्यात बार्टीचे मुख्यालय आहे. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे ते पुण्यात आहे. जलसाकार आणि शाहीर यांच्या बाडांचा शोध, छायाचित्रण आणि जतन हे काम या दोघांनी कायमस्वरूपी अंगावर घेतले पाहिजे. एका जयंतीपुरता, एका अहवालापुरता प्रकल्प नको. त्यासाठी वस्तीतलीच शिकलेली मुले-मुली मानधनावर नेमावीत, कारण कोणाच्या घरी ट्रंक आहे हे त्यांनाच माहीत असते. जयंती मंडळांनीही वर्गणीचा एक हिस्सा यासाठी बाजूला काढावा. ध्वनिक्षेपकाच्या एका रात्रीच्या भाड्यात एका जलसाकाराच्या सगळ्या वह्या टिपून होतील. मिरवणूक जरूर काढा. पण ज्या माणसाने जयंतीचे पहिले गाणे रचले त्याचे नाव तरी मिरवणुकीतल्या पोरांना ठाऊक असू द्या.

'तृतीय रत्न'ला १२४ वर्षे थांबावे लागले, कारण ते नाकारणारे लोक सत्तेत होते. आज जलसाकाराच्या वह्यांना कोणी नाकारलेले नाही. त्या कोणी मागितलेल्याच नाहीत. मागायला जाण्याचे काम आपले आहे, आणि या पावसाळ्याआधी जावे लागेल.

जय भीम!